आठवीच्या पोरांना ड्रिल कशी शिकवायची: दाहिने, डावा आणि जैसे थे

कामठीच्या ओटीएतून, म्हणजे एनसीसी घेणाऱ्या शिक्षकांना तयार करणाऱ्या अकादमीतून, कोर्स करून माणूस परत येतो तेव्हा बूट चकाचक असतात, आवाज बसलेला असतो आणि डोक्यात अख्खं मॅन्युअल असतं. मग पहिला शनिवार उजाडतो. समोर आठवीची पन्नास पोरं, त्यातली वीस चपलांवर आलेली, मैदान काळ्या मातीचं, रात्री पाऊस पडून गेलेला, बटालियनचे उस्ताद, म्हणजे ड्रिल शिकवणारे फौजी, काही दर शनिवारी यायचे नाहीत, आणि हेडसर व्हरांड्यात चहा पीत बघतायत की हे आता काय दिवे लावतात. कामठीत आपल्याबरोबर ड्रिल करणारी सगळी मोठी माणसं होती, एकदा सांगितलं की कळायचं. इथं तेरा वर्षांचं पोर आहे, ज्याला आपले हातपाय नेमके कुठं संपतात हेच अजून माहीत नाही कारण ते दर महिन्याला वाढतायत.

मी बरीच वर्षं ज्युनियर डिव्हिजनचा, म्हणजे शाळेतल्या एनसीसीचा, ट्रूप चालवतोय, मराठी माध्यमाची तालुक्याची शाळा, मुलं-मुली दोन्ही आहेत. हे लिहितोय नवीन एएनओंसाठी, म्हणजे कोर्स करून एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी, केअरटेकर म्हणून ज्यांच्या गळ्यात एनसीसी पडलीय त्या सर-मॅडमसाठी, आणि नववीच्या त्या कॅडेटसाठी ज्याला "आठवीला घे जरा" म्हणून सोडून दिलं जातं आणि ज्याला काय घ्यायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. एनसीसीचा कायदा १९४८ चा, ब्रीदवाक्य एकता और अनुशासन, दोन वर्षं पूर्ण केली की ए सर्टिफिकेटची परीक्षा आणि त्यासाठी ७५ टक्के हजेरी, हे सगळं तुम्हाला पाठ असणार, त्यात जात नाही.

सगळ्यात आधी भाषेचं बघा, कारण आपल्याकडे पहिला घोळ तिथंच होतो आणि तो पायाचा घोळ आहे असं आपण समजतो. कमांड सगळ्या हिंदीत. पोराला लहानपणापासून उजवा-डावा माहितीय. तुम्ही ओरडता "दाहिने मुड" आणि त्याच्या कानावर पहिला आवाज पडतो "दा", तो त्याला "डा" वाटतो, डावा, आणि गडी डावीकडं वळून मोकळा. मी पहिली दोन वर्षं या पोरांना मंद समजत होतो. मग एका उस्तादांनी, मराठा लाइट इन्फंट्रीचे, बेळगावला ट्रेनिंग झालेले, त्यांनी हसत हसत सांगितलं की सर पोरगं बरोबर ऐकतंय, तुम्ही चुकीच्या भाषेत बोलताय. तेव्हापासून पहिल्या दिवशी पाय हलवूच देत नाही. सगळ्यांना खाली बसवायचं आणि हातांचा खेळ: "दाहिने म्हणजे जेवायचा हात." दाहिने म्हटलं की जेवायचा हात वर, बाएं म्हटलं की दुसरा. दहा मिनिटं, आधी हळू, मग पटापट, मग डोळे मिटून. डावखुरं पोर असेल तर त्याला आधीच बाजूला घेऊन त्याच्यापुरती वेगळी खूण ठरवायची, नाहीतर ते बिचारं कायम उलटं फिरणार आणि सगळे हसणार. पीछे मुड उजव्या अंगानं वळतात हे पण इथंच बसल्या बसल्या हाताच्या खुणेनं करून घ्यायचं, उभं राहिल्यावर सांगायला गेलात की अर्धे एकमेकांच्या तोंडासमोर येतात.

दुसरं, "जैसे थे" पहिल्याच दिवशी शिकवा. बहुतेक जण ही कमांड फक्त स्वतःपुरती ठेवतात, पोरं चुकली की आपण ओरडायचं "जैसे थे" आणि परत आधीच्या पोझिशनला आणायचं. पण या दोन शब्दांत फार सोय आहे. चूक झाली, ठीक आहे, आधी होतास तिथं ये, परत कर, त्यात ना शिवी ना टोमणा. पुढं लीडरशिपचं जे सांगणार आहे ते सगळं यावरच उभं आहे, म्हणून पोरांच्या कानात हा शब्द शिक्षा म्हणून नाही बसला पाहिजे. "जैसे थे" म्हणताना आवाज चढवायचा नाही, कपाळाला आठी नाही, एवढंच पथ्य.

आता शिकवायची पद्धत. उस्ताद लोकांची जी जुनी पद्धत आहे ती अजिबात बदलू नका, ती खरंच पक्की आहे. आधी नमुना, म्हणजे काही न बोलता पूर्ण हरकत (ड्रिलमधली हालचाल) एकदा चांगली करून दाखवायची. मग बयान के साथ नमुना, म्हणजे तुकडे करून, प्रत्येक तुकडा बोलत बोलत. मग "इस पोजिशन में देखने की बातें", म्हणजे टाच, गुडघा, मूठ, मान, नजर. मग "कोई शक?" आणि मग गिनती से, स्क्वाड एक, स्क्वाड दो, शेवटी गिनती काढून टाकायची. आपण मास्तर लोक काय करतो, नमुना सोडून थेट भाषण सुरू करतो. पोरं भाषण ऐकत नाहीत, पोरं बघतात. तुमचा स्वतःचा नमुना आता कच्चा झाला असेल, गुडघा कुरकुरत असेल (माझा कुरकुरतो), तर नववीतली जी मुलगी सगळ्यात सफाईनं करते तिला उभं करा आणि तुम्ही बाजूला उभे राहून बयान करा. यात कमीपणा काही नाही, उलट नमुना देणारा कॅडेट त्या दिवसापासून आपला पाय दुप्पट जपून टाकतो.

"कोई शक?" याचं उत्तर कायम "नो सर" येतं. त्यावर विश्वास ठेवू नका. एकाला बाहेर बोलवायचं आणि म्हणायचं, आता हे तू याला शिकव, मग शक आपोआप बाहेर पडतो.

सावधानवर मी अख्खे दोन शनिवार घालवतो आणि लोक मला नावं ठेवतात. पण बघा, टाचा जुळलेल्या, पंजे ३० डिग्रीवर उघडे. पोराला ३० डिग्री सांगून काय कळणार, आठवीत कोन शिकलाय पण पायाला शिकलेला नाही. त्याला सांगायचं घड्याळात बारा आणि एक यांच्यामध्ये जेवढी फट असते तेवढी पंजांमध्ये. ही उपमा कळली की पायांकडं न बघता पण बरोबर येतं. विश्राममध्ये दोन पायांत १२ इंच, म्हणजे दप्तरातली मोठी पट्टी, ३० सेंटिमीटरची, कंपासमधली छोटी नाही. प्रत्येकाला आपली पट्टी आणायला सांगा आणि दोन टाचांच्या मध्ये ठेवून बघू दे. तेज चलचा, म्हणजे नेहमीच्या मार्चिंगचा, कदम ३० इंचाचा, म्हणजे त्याच अडीच पट्ट्या. या गोष्टी पोरांना स्वतः मोजून बघायला मिळाल्या की लक्षात राहतात, नुसतं "कदम बडा" ओरडून काही होत नाही.

आता सावधानची हरकत. पाय साधारण सहा इंच उचलून टाच टाचेला आणायची. टीव्हीवर वाघा बॉर्डर बघून आलेलं पोर गुडघा छातीपर्यंत नेतं आणि धाडकन आपटतं, आणि बाकीच्यांना ते भारी वाटतं. हे पहिल्या मिनिटाला थांबवा. वाढत्या वयाची हाडं आहेत, सिमेंटवर शंभर वेळा टाच आपटली की दुसऱ्या दिवशी पोर लंगडत येतं आणि आई शाळेत येते, आणि तिचं बरोबरच असतं. आवाज हवा तो सगळ्यांचा एकदम आल्यामुळं हवा, एकट्यानं जोर लावून नाही. हे पटवायला मी एक करतो, एकालाच जोरात पाय टाकायला सांगतो आणि मग तीस जणांना अगदी हलका पण एकदम. तीस हलक्या पायांचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतो, पोरं एकमेकांकडं बघतात, मग परत काही समजावून सांगावं लागत नाही.

मैदानाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर काळ्या मातीत ड्रिल करू नका, बुटाला दीड-दोन किलो चिखल आणि टाचेचा आवाजच नाही, मग एकत्र झालं की नाही पोराला कळणार कसं. व्हरांडा, स्टेजसमोरचा कोबा, देवळाच्या पुढचं पटांगण, जे मिळेल ते घ्या आणि पावसाळ्यात जागेवरच्या हरकती, सॅल्यूट, वर्ड ऑफ कमांड हे उरका. मार्चिंग पाऊस उघडल्यावर. तेव्हा फक्की आणा, कबड्डीच्या मैदानाला मारतो तीच, आणि ३० इंचावर आडव्या रेघा ओढा चांगल्या चाळीस-पन्नास. पहिल्या दिवशी रेघेवर टाच, दुसऱ्या दिवशी रेघ न बघता, तिसऱ्या दिवशी रेघा पुसायच्या. बुटकी पोरं ताणून ताणून उड्या मारायला लागतात, त्यांना ओढून धरू नका. कदवार उभं करायचंच आहे, लंबा दाहिने छोटा बाएं, मग विषम एक कदम आगे सम एक कदम पीछे आणि तिथून तीन लाइन, उंच पोरं दोन्ही टोकांना येतात आणि छोटी मधे झाकली जातात. उंच पोरांनाच सांगा की तुझा कदम मधल्याला झेपला पाहिजे.

मुडताना "एक, दो-तीन, एक" यातल्या दो-तीनवर सगळा खेळ आहे. पहिल्या हरकतीनंतर थांबायचं असतं आणि पोराला थांबणं जमत नाही, अंगात करंट असतो. मोठ्यानं म्हणायला लावा, पुढच्या वेळी कुजबुजत, मग तोंड बंद ठेवून. तोंड बंद झाल्यावर गडबड झाली तर परत मोठ्यानं. कंटाळा येतो, येऊ दे.

तेज चल मिनिटाला १२० कदम. मोबाइलवर मेट्रोनोम असतो, १२० ला लावा, स्पीकरला जोडा. पण आमच्याकडं लाइट असेलच असं नाही म्हणून मी शाळेच्या ताशावर काम चालवतो, वाजवणाऱ्यालाच एकदा मोबाइलवर चाल पक्की करून दिली की झालं. लेझीमची पोरं तालात लवकर येतात, फक्त त्यांना गुडघा वाकवून डोलायची सवय असते, ती काढायला आठवडा जातो.

आणि प्रत्येक बॅचमध्ये एक-दोन जण असतातच ज्यांचा डावा पाय आणि डावाच हात बरोबर पुढं जातो. सगळे हसतात, ते पोर अजून आखडतं, आणि जेवढं तुम्ही समजवाल तेवढं बिघडतं कारण ते आता प्रत्येक हाताचा विचार करायला लागलं. त्याला काही समजावू नका. त्याला म्हणा, बाळा जरा गेटपाशी जाऊन बघ वॉचमनकाका आलेत का. ते पोर सरळ चालत जातं, हात बरोबर उलटे हलतात, कारण चालणारा प्रत्येक माणूस तसाच चालतो. मागून आवाज द्यायचा "बस, असाच, आता मुठी बंद, आता हात खांद्यापर्यंत, आता जरा जोरात". गेट येईपर्यंत तो मार्च करत असतो आणि त्याला पत्ता नसतो. दहातल्या आठांना एवढ्यानं येतं, उरलेल्या दोघांना रोज गेटपर्यंत पाठवा.

चक्कर येणं हा विषय हसण्यावारी नेऊ नका. १५ ऑगस्टला नाहीतर १ मेला पाहुणे उशिरा येतात आणि पोरं सावधानमध्ये तासभर. पडणारी पोरं बहुतेक वेळा दोन कारणांनी पडतात, सकाळी काही खाल्लेलं नसतं आणि गुडघे मागं ताणून लॉक केलेले असतात. गुडघा सरळ पण सैल, आणि बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहायची, ते बाहेरून दिसत नाही. ही युक्ती सगळ्या फौजींना माहीत असते आणि पोरांना कोणी सांगत नाही. परेडच्या दिवशी पाच वाजता निघणाऱ्या पोराच्या घरी आदल्या दिवशीच निरोप द्या की चहा-बिस्किटावर पाठवू नका, भाकरी असू दे नाहीतर केळं. आणि कोणी पडलंच तर शेजारचे कोणते दोघं उचलणार हे आधी नावानिशी ठरवून ठेवा, आडवं करायचं, पाय वर, बेल्ट आणि कॉलर ढिली, तोंडाभोवती गर्दी नको.

रगड्याबद्दल बोललंच पाहिजे. आपल्यातले बरेच जण रगडा खाऊन तयार झालेत, फ्रंट रोल, कोंबडा, मैदानाला दहा चकरा, आणि आपल्याला वाटतं त्यानंच आपण घडलो. शाळेत हे चालत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, आणि वर्दी घातली म्हणून आपण त्यातून सुटत नाही. कायद्याचं सोडा, कामाचं सांगतो, रगडा मिळालेलं पोर पुढच्या वर्षी नववीत जाऊन आठवीला रगडा देतं, आणि तेवढीच त्याला लीडरशिप कळलेली असते. उशिरा आला तर त्याला मैदानाबाहेर उभं करा आणि आजचं ड्रिल बघून कोण कुठं चुकतंय ते वहीत लिहायला लावा. शिक्षा म्हणून फार मोठी नाही, पण त्या वहीतून मला कितीतरी चुका कळल्यात ज्या समोर उभं राहून दिसत नाहीत.

आता कमांडकडं येऊ, कारण ड्रिल जमली म्हणजे लीडरशिप आली असं जे आपण समजतो ते काही खरं नाही. चांगली ड्रिल करणारं पोर म्हणजे चांगलं ऐकणारं पोर. चांगलं सांगणारं पोर वेगळं असतं, त्याला वेगळं शिकवावं लागतं.

सुरुवात आवाजापासून. वर्ड ऑफ कमांडचे दोन भाग, पहिला सावध करणारा, लांबवायचा, मग थोडी जागा, मग शेवटचा शब्द तोडून. "स्क्वाड दाहिनेऽऽ" आणि मग "मुड". पोरं उलटं करतात, सुरुवात तोडून आणि शेवट ओढून, मग वळायचं कधी तेच समोरच्याला कळत नाही. आवाज गळ्यातून नाही, पोटातून. माझ्याकडं एक मुलगी होती, अभ्यासात हुशार, ड्रिलमध्ये एक नंबर, पण कमांड द्यायला उभी केली की पहिल्या लाइनलाच ऐकू जायचं नाही. दोन महिने मी "आवाज, आवाज" करत बसलो. मग एकदा तिला विचारलं, शेतात वडील विहिरीपलीकडं असले की जेवायला कशी बोलावतेस? ती लाजली. म्हटलं बोलाव की. तिनं मैदानाच्या त्या टोकाच्या लिंबाकडं तोंड करून "ओऽऽ बाबाऽऽ" अशी हाक मारली की व्हरांड्यातले शिक्षक बाहेर आले. म्हटलं आता "बाबा"च्या जागी "सावधान" घाल. झालं. आता मी सगळ्यांनाच हाक मारायला लावतो, जोडी-जोडीनं मैदानाच्या दोन टोकांना उभं करून, मधून वारा, पलीकडचं पोर वळलं तरच कमांड पोचली. शहरातल्या पोरांना रस्त्यापलीकडच्या मित्राला हाक मारायला सांगा, तेच ते.

मुलांचा आवाज या वयात फुटत असतो. "मुड"वर आवाज चिरकतो, सगळा ट्रूप फिसकन हसतो, आणि ते पोर वर्षभर परत कमांड द्यायला येत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच जाहीर करून टाकायचं की आवाज चिरकणार, माझाही चिरकला होता, हसणाऱ्याची पुढची पाळी. मी ही धमकी खरोखर पाळतो.

चालत्या स्क्वाडला कमांड देणं जरा अवघड, कारण "थम" काय नि "मुड" काय, प्रत्येक कमांड तिच्या तिच्या ठरलेल्या पायावर पडायला हवी आणि पोर स्क्वाडचे पाय बघत बसतं. बघू नको, ऐक. त्याला स्क्वाडकडं पाठ करून उभं करा आणि नुसत्या आवाजावरून बाएं-दाहिने म्हणायला लावा. दहा मिनिटांत कान लागतो.

पहिल्यांदा तीस जणांसमोर कोणालाच उभं करू नका. आधी जोडी, एकानं सांगायचं एकानं करायचं. मग पाच जण. मग सेक्शन, दहाच्या आसपास. प्रत्येकाची पाळी आलीच पाहिजे, जो नको म्हणतो त्याची सुद्धा. आणि इथं ते "जैसे थे" कामाला येतं. पोर चुकीची कमांड देतं, बाएंच्या जागी दाहिने, आणि मग घाबरून तुमच्याकडं बघतं. तुम्ही तोंड उघडायचं नाही. फार जड जातं, पण उघडायचं नाही. स्क्वाड चुकीच्या दिशेला उभाय, शांतता, पोराच्या कानशिलावरून घाम, आणि मग त्याला आठवतं की आपल्या हातात एक शब्द आहे. "जैसे थे." स्क्वाड परत येतो. "बाएं मुड." ज्या दिवशी हे त्यानं तुमच्याकडं न बघता केलं त्या दिवशी मी वहीत त्याच्या नावापुढं टिक करतो. लान्स कॉर्पोरलची, म्हणजे कॅडेटच्या पहिल्या हुद्द्याची, फीत कोणाला द्यायची हे मी त्या टिकवरून ठरवतो, उंचीवरून नाही, पहिल्या नंबरावरून तर अजिबात नाही, आणि पालक कोण आहेत त्यावरून दिली की ट्रूपला त्याच दिवशी वास येतो.

एक प्रसंग सांगतो, छोटाच आहे. त्याच हाकवाल्या मुलीला स्क्वाड दिला होता, इन्स्पेक्शनला बटालियनचे साहेब आलेले. तिनं रिपोर्ट दिला, "श्रीमान, बत्तीस कॅडेट निरीक्षण के लिए हाजिर हैं." बोलता बोलताच तिची नजर तिसऱ्या लाइनला गेली, एक जागा रिकामी, एक जण बाथरूमला पळालेला. मी मनात म्हटलं गप्प बस बाई, कोण मोजतंय. ती म्हणाली, "जैसे थे श्रीमान. इकतीस हाजिर, एक शौचालय." साहेबांनी मान हलवली आणि पुढं गेले. रिपोर्टच्या आधी स्वतः मोजायचं, दुसऱ्यानं सांगितलेला आकडा पुढं ढकलायचा नाही, हे मी सांगून सांगून थकलो होतो, त्या दिवसापासून सगळे मोजायला लागले.

मैदानावर कमांड देता येणं एवढंच धरू नका. दर आठवड्याला वेगळा सेक्शन कमांडर, आणि त्याच्याकडं खरी कामं: हजेरी, पाण्याची कॅन, बेल्ट-टोपीचा हिशोब, रिफ्रेशमेंटचं वाटप. काम देताना चार गोष्टी स्पष्ट सांगा, काय, कधीपर्यंत, कोणाकोणाला घेऊन, आणि झालं की मला येऊन सांग. चौथी गोष्ट पोरं विसरतात. काम करतात पण सांगत नाहीत, आणि आपण चिडून ते काम परत करत बसतो. केळी वाटताना कोण शेवटी घेतो आणि कोण आधी खिशात घालतो हे लांबून बघत राहा, बोलू नका. एकदा पन्नास पोरं आणि सत्तेचाळीस केळी आली, मुद्दाम नाही, केळीवाल्यानं कमी दिली, आणि मी गंमत बघत उभा राहिलो. त्या आठवड्याचा कमांडर गोंधळला, मग त्यानं आपलं, आपल्या मित्राचं आणि तिसऱ्या एका नववीच्या पोराचं केळं आठवीला दिलं. मित्र त्याच्याशी दोन दिवस बोलत नव्हता.

नववीचे सीनियर आठवीला शिकवतात तेव्हा एकच नियम: हात लावायचा नाही. कोपर धरून सरळ कर, मान धरून वळव, हे बंद, तोंडानं सांगायचं नाहीतर नमुना द्यायचा. मुलींच्या बाबतीत तर याला काही अपवादच नाही. आणि चूक सांगताना नाव घ्यायचं नाही, "दुसऱ्या लाइनमध्ये मूठ उघडी आहे" म्हटलं की चार जण आपली मूठ बघतात, चौघांचीही उघडी असते. शाबासकी मात्र नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

आता परेडचा दिवस, आणि माझी एक चूक. २६ जानेवारी, तालुक्याची परेड, आमचा स्क्वाड कमांडर नववीतला मुलगा. शाळेत महिनाभर सराव केला होता, दाहिने देख, म्हणजे मंचाकडं नजर वळवून सलामीची कमांड, कुठं द्यायचं याची खूण म्हणजे आमचं लिंबाचं झाड. झाड आलं की कमांड. तालुक्याच्या मैदानावर ना लिंब, ना खुणेच्या झेंड्या, आणि मंच गेल्या वर्षीच्या जागेवरून हललेला. पोरगं झाड शोधत चालत राहिलं, मंच आला, मंच गेला, आणि मग त्यानं खणखणीत आवाजात "दाहिनेऽऽ देख" दिलं तेव्हा आमचा अख्खा स्क्वाड पाण्याच्या टँकरला सलामी देत होता. राइट मार्कर, म्हणजे उजव्या टोकाचा कॅडेट, नियमाप्रमाणे सरळ बघत होता म्हणून निदान लाइन तरी वाकडी झाली नाही. मी आधी त्या पोरावर ओरडलो. मग तो टाकीमागं जाऊन रडत होता तेव्हा कळलं की त्याला झाड मी शिकवलं होतं, परेड नाही. त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, जैसे थे. तो हसला नाही, पण डोळे पुसले.

तेव्हापासून आदल्या दिवशी त्या मैदानावर जाऊन एकदा तरी पूर्ण चालल्याशिवाय मी स्क्वाड उतरवत नाही. मंचाच्या अलीकडं किती कदमांवर कमांड द्यायची ते स्क्वाड कमांडर स्वतः मोजतो आणि तळहातावर पेनानं लिहितो. दोन कॅडेट राखीव, पूर्ण वर्दीत, बाजूला. कमांड उशिरा गेली तर अर्धी गिळायची नाही, पूर्ण आणि स्पष्ट द्यायची, सामने देख पण तेवढंच स्पष्ट. आणि लाल झेंड्या आम्ही आमच्याच नेतो, दोन, सहा फुटी बांबूसकट. एसटीत कंडक्टर दर वर्षी विचारतो याचं लगेज कोण भरणार, आणि त्या आठवड्याचा सेक्शन कमांडर पुढं होऊन त्याच्याशी वाद घालतो.